मुदत १२ महिन्यांची, निकाल २२ वर्षांनी

कंपनीच्या बसमध्ये ज्यांना ऑडिओ नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तळेगाव-चाकण रस्त्यानं महाळुंग्याकडे येताना (बालेवाडीशेजारचं नाही, आपलं खेड तालुक्यातलं) बस कोंडीत उभी असते, तेव्हा वाचायला रस्त्याकडेचे बोर्ड असतात. दोन प्रकारचे. एक सरकारी कामाचा: कामाचे नाव, अंदाजित रक्कम, ठेकेदाराचे नाव, काम सुरू केल्याचा दिनांक, कामाची मुदत. दुसरा बिल्डरचा: हसरं कुटुंब, हिरवळ, स्विमिंग पूल आणि ताब्याची तारीख. दोन्ही बोर्डांवर तारीख असते, आणि दोन्ही तारखांवर आपण मनातल्या मनात हसतो. मागच्या महिन्यात एका श्रोत्यानं विचारलं, "ॲग्रीमेंटमध्ये तारीख लिहिलेली आहे, सही-शिक्का आहे, रजिस्ट्रेशन आहे. मग ती तारीख उलटली की नक्की काय होतं?"

चांगला प्रश्न आहे. मी वकील नाही, कोड लिहितो. त्यामुळे तुमच्या केसमध्ये काय होईल हे मी सांगणार नाही. पण 'बांधकाम अमुक तारखेला पूर्ण होईल' या एका वाक्याला आपल्याकडे मोठा इतिहास आहे, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा खटला महाराष्ट्रातलाच आहे. नाशिकचा.

साल १९५५. अजून महाराष्ट्र राज्य झालेलं नाही, मुंबई राज्य आहे. नाशिकच्या डाव्या कालव्यावर, दुसऱ्या मैलावर, आळंदी नदी आडवी येते. आळंदी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर इंद्रायणी आणि माउलींची समाधी येईल, पण ही आळंदी वेगळी, नाशिकजवळची एक नदी. कालव्याचं पाणी नदीच्या वरून पलीकडे न्यायचं तर जलसेतू बांधावा लागतो. म्हणजे पूलच, फक्त वरून गाड्यांऐवजी पाणी जातं. सरकारनं टेंडर काढलं. साधारण १ लाख ७ हजार रुपयांचं काम हिंद कन्स्ट्रक्शन काँट्रॅक्टर्स या ठेकेदाराला मिळालं. वर्क ऑर्डर निघाली २ जुलै १९५५ रोजी. काम सुरू करण्याची तारीख ५ जुलै. मुदत १२ महिने. म्हणजे ४ जुलै १९५६ ला जलसेतू तयार.

आता जरा थांबा आणि ती तारीख पुन्हा बघा. ५ जुलै. नाशिक. नदीचं पात्र.

आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही कळेल की जुलैत नदीत पाया खणता येत नाही. पण टेंडरच्या कागदाला आषाढ-श्रावण कळत नाही, त्याला फक्त महिने मोजता येतात. शिवाय त्या काळच्या पीडब्ल्यूडीच्या छापील फॉर्ममध्ये एक मजेशीर अट असायची: पाव मुदत संपेपर्यंत पाव काम झालं पाहिजे, अर्धी संपेपर्यंत अर्धं, पाऊण संपेपर्यंत पाऊण. एखाद्या कडक प्रोजेक्ट मॅनेजरनं लिहावं तसं. हा हिशोब आपल्या जलसेतूला लावला तर पाव मुदत संपते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे अख्खा पावसाळा नदीला पूर असताना गेला, आणि नवरात्र येईपर्यंत पाव जलसेतू उभा पाहिजे!

व्हायचं तेच झालं. काम लांबलं. ठेकेदाराचं म्हणणं होतं की पाऊस फार झाला, साइटवर जायला धड रस्ता नव्हता, आणि सरकारी अधिकाऱ्यांनी माल विनाकारण नापास केला. ४ जुलै १९५६ उलटली. २७ ऑगस्ट १९५६ ला सरकारनं पत्र पाठवलं: काँट्रॅक्ट रद्द. तेही मागच्या तारखेपासून, १६ ऑगस्टपासून. ठेकेदार नाशिकच्या कोर्टात गेला. तिथे तो जिंकला. सरकार अपिलात गेलं, हायकोर्टात सरकार जिंकलं. मग ठेकेदार सुप्रीम कोर्टात. निकाल लागला जानेवारी १९७९ मध्ये. काँट्रॅक्ट रद्द झाल्यापासून २२ वर्षांनी. ज्या भांडणाचं मूळ १२ महिन्यांची मुदत हे होतं, त्याला कोर्टांनी घेतलेली ही मुदत.

पण निकाल वाचण्यासारखा आहे. लिहिला आहे न्यायमूर्ती व्ही. डी. तुळजापूरकर यांनी. आजही देशात कुठेही बांधकामाच्या उशिराचं भांडण कोर्टात गेलं की 'हिंद कन्स्ट्रक्शन' हे नाव निघतंच.

सरकारची बाजू वरवर अगदी पक्की होती. काँट्रॅक्टमध्ये चक्क छापलेलं होतं की वेळ हा या कराराचा गाभा आहे. कायद्याच्या भाषेत हे साधं वाक्य नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ५५ असं सांगतं की वेळ हा कराराचा गाभा असेल आणि समोरच्यानं वेळ पाळली नाही, तर तुम्ही करारच मोडू शकता. वेळ हा गाभा नसेल तर करार मोडता येत नाही, फक्त उशिरामुळे झालेलं नुकसान मागता येतं. फरक किती मोठा आहे बघा. पहिल्यात ४ जुलैच्या मध्यरात्री ठेकेदाराच्या गळ्यावर तलवार आहे. दुसऱ्यात बिल आहे.

तुळजापूरकरांनी असं म्हटलं की ते एक वाक्य सुटं वाचू नका. त्याच्या आजूबाजूची कलमं वाचा. त्याच करारात लिहिलंय की उशीर झाला तर दिवसाला अंदाजित रकमेच्या १ टक्क्यापर्यंत भरपाई द्यायची, जास्तीत जास्त एकूण १० टक्के. आणि त्याच करारात लिहिलंय की अडचण आली तर ठेकेदारानं लेखी अर्ज करावा, मुदतवाढ मिळू शकेल. आता मला सांगा, तारीख जर खरोखर शेवटची असती, तर तिच्यानंतरच्या दिवसांचे रेट कशाला छापले असते? उशिराच्या दिवसाला भाव लावलाय याचा अर्थच हा की उशीर होऊ शकतो हे दोघांनी सही करतानाच धरून चाललंय. म्हणून दंडाचं कलम आणि मुदतवाढीचं कलम, हे दोन मिळून 'वेळ हा गाभा आहे' या वाक्यातली हवा काढून टाकतात. वाक्य छापलेलं राहतं, पण त्याचा अंमल राहत नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्यांना हे लगेच समजेल. एसएलएमध्ये लिहिलेलं असतं की सिस्टिम इतका वेळ चालू राहील, आणि खाली लिहिलेलं असतं की नाही राहिली तर बिलात इतकी सूट. दुसरं वाक्य आलं की पहिलं वचन राहत नाही, दरपत्रक होतं.

सरकारनं काय करायला हवं होतं, हेही निकालात आहे, आणि मला तो भाग सगळ्यात उपयोगाचा वाटतो. तारीख उलटल्यावर सरकारनं ठेकेदाराला नवी, वाजवी मुदत द्यायला हवी होती आणि स्पष्ट कळवायला हवं होतं की ही आता शेवटची, या तारखेला काम झालं नाही तर काँट्रॅक्ट संपला. तसं न करता एकदम रद्दचं पत्र पाठवलं, म्हणून ते रद्द करणंच बेकायदेशीर ठरलं. म्हणजे गेलेली डेडलाइन पुन्हा जिवंत करता येते, पण त्यासाठी नोटीस द्यावी लागते. नुसतं रागावून चालत नाही.

जाता जाता एक हिशोब. १ लाख ७ हजारांचा १ टक्का म्हणजे १,०७० रुपये रोज. कमाल १० टक्के म्हणजे १०,७००. पूर्ण दरानं दंड लावला तर दहाव्या दिवशी मर्यादा संपते. अकराव्या दिवसापासून उशीर फुकट! मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. पण आकडे तसेच आहेत. दंडाची मर्यादा लवकर गाठली गेली की तारखेला धाक राहत नाही, आणि मग सरकारच्या हातात एकच हत्यार उरतं, काँट्रॅक्ट रद्द करणं. ते उपसलं आणि ते उलटलं.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की मुदतवाढीचं कलम म्हणजे ठेकेदारावरची दया. मलाही वाटायचं. पण या कलमाचा जन्म बघितला तर गोष्ट उलटी निघते. त्यासाठी थोडं इंग्लंडला जावं लागेल, कारण आपला करार कायदा आणि पीडब्ल्यूडीचे फॉर्म तिथल्याच मुशीतून आलेत.

१८३८ सालचा होम विरुद्ध गप्पी हा खटला. बिअरच्या कारखान्याचं सुतारकाम. ठराविक मुदतीत पूर्ण करायचं, नाहीतर दर आठवड्याला दंड. काम लांबलं, मालकानं दंड कापला. पण निघालं असं की मालकानंच जागा ४ आठवडे उशिरा ताब्यात दिली होती, आणि मालकाच्याच गवंड्यांनीही पुढे वेळ खाल्ला होता. कोर्ट म्हणालं, तुम्हीच वाट अडवून ठेवली आणि आता उशीर झाला म्हणून दंड मागता? नाही मिळणार. बरं, ठेकेदारानं स्वतःमुळेही थोडा उशीर केला होता. त्याचाही दंड नाही. कारण मूळ तारीखच गेली. तारीख गेली की कुठून दिवस मोजणार?

हे तत्त्व पुढे पक्कं झालं. मालकानं स्वतः उशीर घडवला आणि करारात तारीख पुढे न्यायची सोयच नसेल, तर तारीख कोसळते, ठेकेदारानं फक्त 'वाजवी वेळेत' काम करायचं असतं, आणि ठरलेला दंड हातचा जातो. १९७० मध्ये लिव्हरपूलच्या नगरपालिकेला याचा चांगलाच फटका बसला. उंच इमारतीच्या पाइलमध्ये दोष निघाला, काम ५८ आठवडे बंद पडलं. दोष ठेकेदाराच्या बाजूचा होता, पण ५८ आठवड्यांतला बराच वेळ नगरपालिकेनं निर्णय घ्यायला लावला. करारात मालकामुळे झालेल्या उशिरासाठी मुदतवाढीची तरतूद नव्हती. नगरपालिकेचा ठरलेला दंड गेला. चूक ठेकेदाराची असूनही.

म्हणजे मुदतवाढीचं कलम मालकाच्या फायद्याचं आहे. नकाशा बदलला, जागा उशिरा दिली, मंजुरी अडकली, तर तारीख अधिकृतपणे पुढे सरकवता येते, आणि सरकवता येते म्हणूनच ती जिवंत राहते. आणि हेच कलम, नाशिकच्या खटल्यात बघितलं तसं, त्याच तारखेची धारही बोथट करतं. ठेवलं तर तारीख लवचीक, काढलं तर तारीख ठिसूळ. वकील मंडळी पावणेदोनशे वर्षं या दोन टोकांच्या मधे करार लिहितायत.

आतापर्यंत आपण मालक आणि ठेकेदार असे दोघंच बघितले. पण कागदावरची तारीख शेवटी कुणाच्या तरी अंगावर पडते, आणि ते दोघं बहुतेक वेळा त्यात नसतात. त्यासाठी नाशिकहून घराकडे परत यायचं. तळेगावहून लोकल पकडून लोणावळ्याला गेला असाल. तिथून पुढे मुंबईची गाडी ज्या घाटातून उतरते, त्या बोरघाटाच्या कामाकडे बघा.

जीआयपी रेल्वेनं १८५३ ला मुंबई-ठाणे गाडी सुरू केली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रूळ तयार होते. घाटाखालीही गाडी पोचली होती. मधला घाट तेवढा बाकी. लोक खाली गाडीतून उतरायचे, पालखीनं, तट्टावर किंवा चालत घाट चढायचे, आणि वर दुसऱ्या गाडीत बसायचे. दोन्ही बाजूंनी पैसा गुंतलेला आणि मधला तुकडा नाही, अशी अवस्था. उशीर किती महाग असतो याचं यापेक्षा चांगलं चित्र मला माहीत नाही.

घाटाचा ठेका विल्यम फॅव्हिएल या इंग्रज काँट्रॅक्टरकडे होता, काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झालेलं. साधारण १५ मैलांचा चढ, १,८३१ फूट उंची, २५ बोगदे, ८ मोठे पूल. पावसाळा लागला की उघड्यावरचं काम जवळजवळ थांबायचं, मजूर पेरणीला गावी जायचे, बोगद्यांच्या आत काय चालेल तेवढंच चालायचं. वर्षातले महिने कागदावर १२ आणि घाटात ८. काम मोठ्या ठेकेदाराकडून छोट्या ठेकेदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे असं उतरत जायचं, आणि पैसा त्याच जिन्यानं खाली येताना प्रत्येक पायरीवर अडायचा. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजूर उठले, मोठी दंगल झाली. मार्चमध्ये फॅव्हिएलनं ठेका सोडला.

मग सॉलोमन ट्रेडवेल हा नवा काँट्रॅक्टर इंग्लंडहून आला. वर्षअखेरीला उतरला आणि काही आठवड्यांतच आजारानं गेला. त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिनं ठेका पुढे चालवला. रेल्वेच्या कामावरच मुरलेले दोन इंजिनिअर, ॲडमसन आणि क्लाउसर, हाताशी घेऊन तिनं तो शेवटाला नेला. १८६१ च्या सुरुवातीला घाटात एका वेळी ४२,००० माणसं राबत होती. कॉलऱ्याच्या साथींत मजूर किती गेले याची धड नोंदसुद्धा ठेवली गेली नाही. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रेअरच्या हस्ते घाट खुला झाला. त्यानंतर ४ वर्षांनी, १८६७ च्या जुलैत, घाटातला एक मोठा पूल कोसळला आणि तो पुन्हा बांधावा लागला. पुन्हा जुलै. पावसाळा कुठल्याच करारावर सही करत नाही.

मला यात खटकतं ते हे: ठेका सोडायचा पर्याय फॅव्हिएलला होता. रेल्वे कंपनीला दुसरा ठेकेदार आणायचा पर्याय होता. मजुराच्या बाजूनं कागदच नव्हता, मुदतीचाही नाही आणि मजुरीचाही नाही.

आता आपल्या बोर्डाकडे, दुसऱ्या, हसऱ्या कुटुंबाच्या बोर्डाकडे. कारण फ्लॅट घेणारा माणूस बरीच वर्षं जवळपास याच जागी उभा होता. बिल्डर आणि त्याचा ठेकेदार यांच्यात तारीख, दंड, मुदतवाढ असं सगळं असायचं. घेणाऱ्याला हातात ब्रोशर.

महाराष्ट्रानं इथे पहिलं पाऊल लवकर टाकलं होतं, हे मान्य करायला हवं. १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, ज्याला सगळे 'मोफा' म्हणतात. त्यात बिल्डरनं ताब्याची तारीख लेखी द्यायची असं आलं. तारीख चुकली तर घेणाऱ्याला पैसे परत मागता येतील, वर ९ टक्के सरळव्याज. आणि बिल्डरच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी? ३ महिने, आणि ती कारणं टिकून राहिली तर आणखी ३ महिने. कागदावर बरं होतं. पण घर नको, पैसे द्या असं म्हणायला माणूस घर बुक करत नाही. त्याला घरच हवं असतं, आणि तोपर्यंत जागेचे भाव इतके वाढलेले असतात की परत मिळालेल्या पैशांत त्याच गावात दुसरं घर येत नाही. त्यामुळे लोक थांबायचे. भाडंही भरायचे आणि हप्ताही. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे या पट्ट्यात शिफ्टला जाणाऱ्या कुणालाही विचारा, हे दुहेरी ओझं म्हणजे काय ते तो पगाराच्या तारखेसकट सांगेल.

२०१६ चा रेरा कायदा आला, १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. त्यातलं कलम १८ मला या सगळ्या इतिहासात वेगळं वाटतं. तारीख चुकली तर घेणाऱ्यापुढे दोन वाटा. बाहेर पडायचं असेल तर व्याजासह पैसे परत. थांबायचं असेल तर ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज. महाराष्ट्राच्या नियमांत हा दर स्टेट बँकेच्या सर्वात जास्त एमसीएलआरवर २ टक्के असा धरलाय. आणि घेणाऱ्यानं हप्ता थकवला तर त्यालाही तोच दर. आधी बिल्डर आपल्याला लावणार तो दर वेगळा आणि देणार तो वेगळा, असा प्रकार सर्रास चालायचा. नाशिकच्या करारातल्यासारखी १० टक्क्यांची मर्यादाही इथे नाही. मीटर चालू राहतो.

अर्थात बिल्डर मंडळी गप्प बसली नाहीत. रेरात नोंदणी करताना प्रकल्प पूर्ण व्हायची नवी तारीख जाहीर करता येते. मग युक्तिवाद असा आला: ॲग्रीमेंटमध्ये २०१५ असेल, पण आम्ही नोंदणी करताना नवी तारीख दिली आहे, तर उशीर त्या तारखेपासून मोजा. डिसेंबर २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या खटल्यात मुंबई हायकोर्टानं हे मान्य केलं नाही. नोंदणीतली तारीख बिल्डर आणि प्राधिकरण यांच्यातली, ॲग्रीमेंटमधली तारीख बिल्डर आणि घेणारा यांच्यातली. पहिली बदलली म्हणून दुसरी पुसली जात नाही. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वेळेत ताबा मिळाला नाही तर पैसे परत मागण्याचा घेणाऱ्याचा हक्क बिनशर्त आहे. मधे काय अडचणी आल्या, कुठल्या कोर्टाची स्थगिती होती, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता गंमत बघा. एकाच इमारतीच्या बोडक्या कॉलमवर दोन तारखा लटकतायत. बिल्डर आणि त्याचा ठेकेदार यांच्यातली तारीख १९७९ च्या तर्कानं चालते, लवचीक, भाव लावलेली, नोटिशीशिवाय मोडता न येणारी. बिल्डर आणि तुमच्यातली तारीख रेराच्या तर्कानं चालते. ठेकेदाराला पावसासाठी मुदतवाढ मिळेल, म्हणून बिल्डरला तुमच्याकडून ती आपोआप मिळत नाही. रेरात दैवी आपत्तीची यादी आहे: युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा अशीच नैसर्गिक आपत्ती. दरवर्षी जूनमध्ये येणारा पाऊस त्यात बसवायचा तर फार कल्पनाशक्ती लागेल. कोविडच्या वेळी मात्र महारेरानं हीच तरतूद वापरून १५ मार्च २०२० नंतर मुदत संपणाऱ्या प्रकल्पांना ६ महिने दिले, आणि माझ्या मते ते बरोबर होतं. साइटवर माणूसच नव्हता. मजूर चालत गावी निघाले होते.

म्हणून श्रोत्याच्या प्रश्नाकडे. ॲग्रीमेंट काढा, ताब्याच्या तारखेचं कलम शोधा, आणि मग तुळजापूरकरांनी केलं तेच करा, आजूबाजूची वाक्यं वाचा. तारीख आकड्यात आहे, की 'प्रारंभ प्रमाणपत्र मिळाल्यापासून इतके महिने' अशी आहे? दुसऱ्या प्रकारात घड्याळ कधी सुरू झालं हे तुम्हाला माहीतच नसतं. 'ताबा' म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा, की फर्निचर करायला दिलेली चावी? 'वाजवी मुदतवाढ' कुठल्या कारणांसाठी आहे? महाराष्ट्राच्या नमुना करारात युद्ध, दंगल, दैवी आपत्ती आणि सरकार किंवा कोर्टाचे आदेश अशी कारणं दिली आहेत. तुमच्या करारात सिमेंटची टंचाई, मजुरांची टंचाई, वाळूची टंचाई अशी शेपटी जोडली असेल तर सही करण्याआधीच विचारा, बुकिंगची रक्कम दिल्यावर नाही. मग महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाका आणि तिथली मूळ तारीख आणि सुधारित तारीख दोन्ही लिहून ठेवा.

आणि बिल्डरच्या ऑफिसमधून 'अजून सहाच महिने' असा फोन आला, तर तेच वाक्य ईमेलवर मागा. तुमचं उत्तरही ईमेलवर द्या, उशिराच्या व्याजाचा हक्क राखून ठेवतोय असं एक वाक्य घालून. १८७२ च्या करार कायद्याच्या त्याच कलम ५५ चा तिसरा परिच्छेद सांगतो की करार मोडायचा हक्क असताना तुम्ही उशिराचं काम स्वीकारलंत आणि त्या वेळी नोटीस दिली नाहीत, तर उशिराची भरपाई मागता येत नाही. रेराचा हक्क वेगळा आणि जास्त भक्कम आहे, पण एक ईमेल लिहायला पैसे पडत नाहीत.

पुढच्या भागात भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. ती नसताना लोक राहायला कसे येतात, आणि आल्यावर पाण्याचं काय होतं. प्रश्न पाठवत राहा, ॲग्रीमेंटचे फोटो मात्र पाठवू नका, त्यात तुमचा पॅन नंबर असतो.